सर्फिंग शिकायला परदेशात गेलात आणि मधेच दुखापत झाली तर: उमेद कशी टिकवायची, पायरी पायरीने

पाचव्या दिवशी माझा घोटा मुरगळला. मोठ्या लाटेत वगैरे नाही हो, गुडघाभर पाण्यात. बोर्डवरून उडी मारून उतरले, पाय वाळूतल्या खड्ड्यात गेला आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. तीन आठवड्यांची ट्रिप होती, वर्षभर रजा आणि पैसे साठवून केलेली, आणि पाचव्याच दिवशी मी किनाऱ्यावर पाय वर करून बसलेली आणि बाकीची बॅच पाण्यात.

त्या पुढच्या दिवसांत मी चुकाही भरपूर केल्या आणि काही गोष्टींनी खरंच आधारही दिला, तेच इथे क्रमाने लिहितेय. नवीन शिकणाऱ्यांना कोणी हे आधी सांगत नाही. माझी उमेद टिकली ती रोज सर्फिंगचं काहीतरी एक काम हातात होतं म्हणून. शरीर थांबलं म्हणजे शिकणं पण थांबलं असं मी धरून चालले होते आणि त्यात माझे सुरुवातीचे तीन दिवस वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

१. आधी पाण्याबाहेर या आणि खरंच काय झालंय ते बघा

"चालतंय, अजून एक लाट" हा मोह सगळ्यांना होतो. नका करू. पैसे भरलेत, दिवस कमी आहेत, इन्स्ट्रक्टर वाट बघतोय, सगळं कबूल, तरी बाहेर या.

काही गोष्टींमधे थांबायचंच नाही, सरळ डॉक्टर. बोर्ड डोक्याला लागला आणि त्यानंतर गरगरतंय, मळमळतंय, उजेडाचा त्रास होतोय किंवा काय झालं तेच आठवत नाहीये, तर त्या दिवशी पाण्यात परत नाही आणि एकटं झोपायला पण जायचं नाही, कोणीतरी सोबत हवं. उलट्या सुरू झाल्या, डोकं वाढत वाढत दुखायला लागलं, बोलणं अडखळलं तर थेट हॉस्पिटल. फिनने, म्हणजे बोर्डखालच्या धारदार पात्याने, खोल कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि टाके लागतात का ते दाखवून घ्या. वाळूत लपलेल्या स्टिंग रे या चपट्या माशाचा काटा लागला तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात ठेवतात, साधारण ४५ अंशांच्या आत, दुखणं कमी होतं, आणि मग डॉक्टर.

आता एक दुर्मिळ गोष्ट सांगते, पण ती बहुतेक नवशिक्यांना होते म्हणून माहीत पाहिजे. बोर्डवर बराच वेळ पालथं पडून पाठ मागे ताणून धरल्यावर, कुठेही मार न लागता, अचानक पाठ जोरात दुखायला लागते आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो. याला सर्फर्स मायलोपथी म्हणतात, २००४ मधे हवाईतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा याची नोंद केली. मज्जारज्जूला रक्त कमी पडल्यामुळे हे होतं असं मानतात. पाठ दुखतेय आणि पाय जड झालेत असं वाटलं तर "स्नायू आखडला असेल" म्हणत हॉस्टेलवर पडून राहू नका, तासांचा प्रश्न असतो तो.

घोट्यासाठी एक सोपी खूण आहे, कॅनडातल्या ओटावामधे १९९२ साली ठरवलेल्या नियमांमधली. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर डॉक्टरकडेही ४ पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूने दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढायचा. मी ४ पावलं टाकू शकले, रडत रडत का होईना.

२. दुखापतीचं नाव आणि मुदत माहीत करून घ्या

उमेद सगळ्यात जास्त खाऊन टाकते ती अनिश्चितता. मला पहिल्या ठिकाणी फक्त "रेस्ट, रेस्ट" सांगून पाठवलं आणि त्या एका शब्दावर मी दोन रात्री काढल्या, फोनवर शोधत बसले आणि मनातल्या मनात ऑपरेशनपर्यंत पोचले. तिसऱ्या दिवशी एका फिजिओकडे गेले, त्याने पाय नीट हलवून बघितला आणि म्हणाला की लिगामेंट ताणलंय, फाटलेलं नाही, दोन आठवडे लागतील. मला अक्षरशः हलकं वाटलं. दुखणं तेवढंच होतं, पण आता त्याला तारीख होती.

म्हणून डॉक्टरला चार गोष्टी विचाराच, भाषा येत नसेल तर फोनवरच्या ट्रान्सलेटरमधे आधीच टाइप करून न्या. नक्की काय दुखावलंय? साधारण किती दिवस? काय अजिबात करायचं नाही? आणि आजपासून काय करता येईल? हा चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि खरं तर पुढचे सगळे दिवस त्याच्यावरच काढायचे असतात.

अंदाज असावा म्हणून, घोटा हलका मुरगळला तर एक ते तीन आठवडे, जास्त असेल तर दीड ते तीन महिने लागू शकतात. खांद्याजवळचं कॉलर बोन मोडलं तर मोठ्या माणसात हाड धरायलाच सहा ते आठ आठवडे. कानाचा पडदा फाटला तर बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप भरतो, पण तोपर्यंत कानात पाणी अजिबात जाता कामा नये, समुद्राचं तर नाहीच. टाके असतील तर जखम पूर्ण मिटेपर्यंत समुद्र नाही, मग ट्रिप संपली तरी चालेल.

कागदांचं पटकन सांगून टाकते. मोठा खर्च करायच्या आधी ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा, बऱ्याच पॉलिसींमधे आधी कळवणं लागतं, आणि सर्फिंग त्यात धरलंय का ते खरं तर निघायच्या आधीच बघायचं असतं. बिल, रिपोर्ट, एक्स-रे, औषधांची चिठ्ठी, सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढा. सर्फ स्कूलला पण लगेच सांगा, उरलेले क्लास पुढे ढकलता येतात का, मित्राच्या नावावर करता येतात का, निदान अर्धे पैसे परत मिळतात का. संकोच करू नका, मी चार दिवस संकोचात घालवले आणि मग विचारलं तर म्हणाले आधी का नाही सांगितलं.

३. बर्फ आणि पलंग एवढाच उपचार नसतो

१९७८ मधे गेब मिर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आराम, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं असा राइस नावाचा मंत्र दिला, तो आपण सगळ्यांनी ऐकलाय. पुढे २०१४ मधे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यामुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. मग २०१९ मधे ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मंचावर पीस अँड लव्ह अशी नवी मांडणी आली. पहिले एक ते तीन दिवस पीस, म्हणजे जपायचं, उंचावर ठेवायचं, दाब द्यायचा, सूज कमी करायच्या गोळ्या उगाच घ्यायच्या नाहीत आणि स्वतःच्या दुखापतीबद्दल समजून घ्यायचं. नंतर लव्ह, म्हणजे हळूहळू भार द्यायचा, रक्ताभिसरण वाढेल अशी न दुखणारी हालचाल करायची, व्यायाम करायचा, आणि लव्हमधला ओ म्हणजे ऑप्टिमिझम.

उमेद चक्क उपचारांच्या यादीत आहे! आपण बरे होणार असं वाटणाऱ्या माणसाची रिकव्हरी चांगली होते आणि भीती किंवा निराशा असेल तर ती रखडते, असं त्या मांडणीत स्पष्ट म्हटलंय. मला हे वाचून फार धीर आला, कारण तोपर्यंत मी उदास होणं म्हणजे माझा कमकुवतपणा समजत होते आणि आनंदी राहणं म्हणजे नाटक. दोन्ही नाही, ते बँडेज बांधण्यासारखंच एक काम आहे.

(हे सगळं स्नायू आणि लिगामेंटच्या दुखापतींचं. हाड मोडलं असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर डॉक्टर सांगतील तसंच.)

४. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ

ही येणार, आधीच सांगते. पहिल्या दिवशी धावपळ असते, सगळे विचारपूस करतात. खरी पडझड नंतर होते, जेव्हा तुमची बॅच ओल्या केसांनी जेवायला बसते आणि कोणीतरी सांगतं की आज पहिल्यांदा ग्रीन वेव मिळाली, म्हणजे न फुटलेली लाट, आणि सगळे टाळ्या वाजवतात, तुम्ही पण वाजवता, आणि मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपता. मी झोपले होते. परक्या देशात हे जास्तच लागतं कारण घरचं कोणी नसतं, आणि घरी फोन केला तर "ये बाबा परत" एवढंच ऐकायला मिळतं, त्यांचंही चूक नाही.

रडायचं तर रडा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गोष्टी करा. बॅचमधल्या एकाला तरी खरं सांगा की मला वाईट वाटतंय, पण तुमच्या लाटांचं ऐकायला मला आवडेल. लोक तुमच्यासमोर सर्फिंगचं बोलायचं टाळायला लागतात आणि त्याने तुम्ही आणखी एकटे पडता, म्हणून हे सांगायला लागतं. दुसरं, घरच्यांना डॉक्टरने सांगितलेली मुदत सांगा, मुदत ऐकली की तेही शांत होतात. तिसरं, इन्स्ट्रक्टरला सांगा की मी रोज सकाळी बॅचबरोबर किनाऱ्यावर येणार, मला काहीतरी काम दे. माझ्या इन्स्ट्रक्टरने मला एक वही आणि पेन आणून दिलं.

५. किनाऱ्यावरचा वर्ग

हा भाग मी सगळ्यात मनापासून लिहितेय, कारण सर्फिंगमधे बोर्डवर उभं राहणं काही सेकंदांचं असतं, बाकी सगळा वेळ समुद्र वाचण्यात जातो. कुठे थांबायचं, कुठली लाट सोडायची, कधी वळून पॅडल मारायला, म्हणजे पालथं पडून हातांनी पाणी कापायला, लागायचं. पाण्यात असताना नवशिक्याला यातलं काही दिसत नाही, नाकातोंडात पाणी जात असतं. किनाऱ्यावर बसलं की दिसतं.

पहिल्या दिवशी फक्त सेट मोजा. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, तीन चार पाच अशा घोळक्याने येतात, मग शांतता, मग परत घोळका. घड्याळ लावून लिहा की दोन घोळक्यांच्या मधे किती मिनिटं गेली, प्रत्येकात किती लाटा होत्या, सगळ्यात मोठी कितवी होती. तासाभरात तुम्हाला त्या जागेचा ताल कळायला लागतो, आणि आत जायला कधी निघायचं ते पण.

मग रिप करंट शोधा, म्हणजे किनाऱ्याकडून आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीयेत, पाणी तिथे गडद किंवा ढवळलेलं दिसतंय, फेस आत समुद्राकडे चाललाय, तो रिप. नवशिक्याला नेमकी तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. अनुभवी सर्फर मात्र त्याच पट्ट्यातून आत जातात, लिफ्टसारखा वापरतात. मी पाच दिवस त्याच पाण्यात होते आणि मला तो एकदाही दिसला नव्हता, बसून बघितला तर वीस मिनिटांत दिसला.

एक दिवस एकाच सर्फरवर नजर ठेवा, शक्यतो फार भारी नसलेल्या, तुमच्यापेक्षा थोडा पुढे असलेल्या. तो किती लाटा सोडतो ते मोजा. मी बघत होते तिने एका तासात चाळीसेक लाटा सोडल्या आणि सहा घेतल्या. मी पाच दिवस प्रत्येक लाटेच्या मागे धावत होते, म्हणूनच तर दमलेली होते, आणि दमलेली होते म्हणून तशी वेडीवाकडी उडी मारली. वहीत हे लिहिलं तेव्हा मला माझी दुखापत समजली.

नवशिके का पडतात ते पण बघा. लाटेला उशीर झाला की बोर्डचं नाक बुडतं, फार मागे झोपलं की बोर्ड ब्रेक लागल्यासारखा थांबतो, उभं राहताना खाली पायाकडे बघितलं की खालीच पडतात. आणि लाइनअपमधले, म्हणजे सर्फर लाटेची वाट बघत थांबतात त्या जागेतले नियम, लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती लाट, दुसऱ्याने तिच्यात घुसायचं नाही. कागदावर हे एका ओळीचं वाटतं, बघताना कळतं की रोज किती वेळा मोडतात आणि भांडणं कुठून सुरू होतात.

भरती ओहोटीची वेळ लिहा, सहा तासांच्या थोडं वर अंतराने पाणी बदलतं आणि तीच जागा सकाळी सोपी आणि दुपारी खडकाळ होते. सकाळी उठून फोरकास्ट बघा आणि वहीत तुमचा अंदाज लिहा, मग जाऊन समुद्र बघा. स्वेलचा, म्हणजे समुद्रातून येणाऱ्या लाटांचा, पिरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, ८ सेकंद असेल तर जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, विस्कळीत लाटा, १४ सेकंद असेल तर लांबून आलेल्या, ताकदवान, नीट रांगेतल्या. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर लाटेचा चेहरा स्वच्छ उभा राहतो, उलटा असेल तर सगळं चुरगळतं. माझे पहिले चार अंदाज पार चुकले, पाचव्या दिवशी बरोबर आला आणि इन्स्ट्रक्टरने बॅचला मोठ्याने वाचून दाखवला. दुखापतीनंतर पहिल्यांदा मला मी त्या बॅचमधलीच वाटले.

६. जे अंग धडधाकट आहे त्याला कामाला लावा

घोटा गेला असेल तर खांदे आणि पाठ आहेतच, पोटावर झोपून रबर बँडने पॅडलची हालचाल करा, रोज थोडी. खांदा गेला असेल तर पाय आणि तोल, डॉक्टर हो म्हणाले तर स्क्वॉट्स, एका पायावर उभं राहणं. एका बाजूला व्यायाम दिला की दुसऱ्या बांधलेल्या बाजूची ताकद पण कमी घटते, हे स्नायूंपेक्षा मेंदूचं काम आहे आणि येल विद्यापीठातल्या एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मधेच त्याची नोंद केलीये. म्हणजे डाव्या पायाचा व्यायाम उजव्याच्या पण कामाचा.

मनातल्या मनात पॉप-अप करा, म्हणजे बोर्डवर पालथं असताना झटक्यात उभं राहणं, पण स्वतःच्या डोळ्यांतून, खऱ्या वेगात. लाट मागून उचलते, तीन पॅडल, हात छातीखाली, पाय आत, नजर पुढे. रोज दहा वेळा, डोळे मिटून, शक्य असेल तर समुद्राच्या आवाजात. खेळाडू हे मुद्दाम शिकतात, यात वेडगळ काही नाही.

एक इशारा, फावल्या वेळात कोणीतरी पाण्याखाली श्वास रोखायची प्रॅक्टिस सुचवतं. एकट्याने कधीच नाही, उथळ पूलमधे पण नाही, माणूस बेशुद्ध होतो आणि कोणाला कळत पण नाही.

७. परत आलेल्यांच्या गोष्टी

कोणीतरी तुम्हाला हवाईतल्या सर्फर बेथनी हॅमिल्टनची गोष्ट सांगणारच. १३ वर्षांची असताना, ३१ ऑक्टोबर २००३ ला, काउआई बेटावर शार्कने तिचा डावा हात तोडला आणि ती महिन्याभरात परत बोर्डवर होती. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण तिचा महिना तुमच्या पायाला लावू नका, ती लहानपणापासून लाटांमधे वाढलेली मुलगी होती. मला जास्त जवळचा वाटला तो ऑस्ट्रेलियाचा सर्फर मिक फॅनिंग. २००४ मधे त्याचा मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला, ऑपरेशन झालं, महिने गेले, आणि २००७ मधे तो वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग २००९ आणि २०१३ ला परत. मधली तीन वर्षं कोणी फारशी सांगत नाही, मी मात्र त्या तीन वर्षांचाच विचार करायचे.

८. थांबायचं की परत जायचं

डॉक्टरने दिलेली मुदत आणि उरलेले दिवस शेजारी शेजारी लिहा. मुदत आत बसत असेल किंवा किनाऱ्यावरच्या वर्गात खरंच मन लागत असेल तर थांबा. औषधपाणी, जिने, एकटेपणा यात जीव मेटाकुटीला येत असेल तर जा परत, त्यात हार नाही. प्लास्टर ताजं असेल तर एअरलाइनला आधी विचारा, पूर्ण प्लास्टर घातल्यावर लांबच्या विमानासाठी साधारण ४८ तास थांबायला सांगतात कारण आत सूज वाढते, आणि पाय बांधलेला असेल तर रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्याबद्दल डॉक्टरशी बोलूनच बसा.

आणि निघताना पुढची तारीख डोक्यात घेऊन निघा. जागांचे सीझन वेगळे असतात, हे दुखापतवाल्यांच्या फायद्याचं आहे. श्रीलंकेत दक्षिण किनारा, वेलिगामा वगैरे, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो आणि तो संपत आला की पूर्वेला अरुगम बेचा सीझन सुरू होतो, सप्टेंबरपर्यंत. पोर्तुगालमधे हिवाळ्याच्या लाटा नवशिक्यांना झेपणाऱ्या नसतात, उन्हाळ्यात शांत असतात. म्हणजे हा सीझन गेला म्हणून वर्ष गेलं असं होत नाही.

९. पाण्यात परत

तारीख आली म्हणून लगेच नाही, आधी जमिनीवर परीक्षा. घोट्यासाठी मी हे ठरवलं होतं, दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहणं, त्याच पायावर उड्या, वाळूत सलग १० पॉप-अप न दुखता, आणि मग फिजिओचा होकार. डोक्याला लागलं असेल तर पायऱ्या असतात, चालणं, हलका व्यायाम, मग खेळ, प्रत्येक पायरीला किमान २४ तास आणि लक्षणं आली की परत मागे, आणि आदळण्याचा धोका असलेल्या खेळात डॉक्टरच्या परवानगीशिवाय नाहीच.

पहिलं सेशन अर्ध्या तासाचं ठेवा, कमरेपेक्षा छोट्या लाटा, सगळ्यात मोठा आणि मऊ फोम बोर्ड, सोबत इन्स्ट्रक्टर. भीती वाटणार, मला तर पाण्यात पाय टाकतानाच पोटात गोळा आला. उभं राहायचंच असं ठरवून जाऊ नका. आणि बोर्डवरून पायांवर उडी मारायची नाही, कधीच, उथळ पाण्यात तर नाहीच, अंग सपाट पसरून पडायचं आणि डोकं हातांनी झाकून वर यायचं.

मी विसाव्या दिवशी गेले, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी. पाण्यात शिरायच्या आधी दहा मिनिटं बसून सेट मोजले, शांतता आल्यावर निघाले. सात लाटा घेतल्या, सगळ्या पोटावर झोपून, एकदाही उभी राहिले नाही. पण त्या सातही मी स्वतः निवडल्या होत्या, कोणी मागून ढकललं नाही, आणि किती सोडल्या ते पण वहीत लिहिलंय, एकोणीस.